वापस कवा?

कोहळखेडच्या उपकेंद्राला गावकऱ्यांनी बाहेरून टाळं ठोकलं तेव्हा नर्सबाई आत चहा गाळत होती. साखळीचा आवाज तिनं ऐकला, पण लसीचा डबा घेऊन कोणी आलं असेल असं समजून लक्ष दिलं नाही. कप हातात घेऊन ती पुढच्या खोलीत आली, तर व्हरांड्याच्या जाळीच्या दाराला बैल बांधायची साखळी, साखळीला हे एवढं पितळी कुलूप, आणि कुलपाच्या पलीकडं गावातले वडीलधारे नत्थुजी हात जोडून उभे. त्यांच्या मागं निम्मं गाव.

"बाई, भेऊ नका," नत्थुजी म्हणाले. "हे टाळं तुमाले नाई. सरकारले हाय."

"पण आत तं मी हाय ना, नत्थुजी!"

"मंग? तुमी आतच पाह्यजे. बाहीर राह्यल्या तं ते लोक तुमाले गाडीत बसवून नेतीन."

टाळं ठोकणं आपल्याकडं काही नवं नाही. मास्तर नाही म्हणून शाळेला ठोकतात, लाइट नाही म्हणून वीज कंपनीच्या हापिसाला ठोकतात. पण ठोकायच्या आधी आतल्या माणसाला बाहेर काढायची रीत आहे. कोहळखेडनं ती रीत उलटी केली. आधी नर्सबाई आत असल्याची खात्री करून घेतली, मग कुलूप लावलं, आणि वरून विचारलं, "नाश्ता काय पाठवू जी? आलूपोहे चालतीन का?" रागावायचं म्हटलं तरी रागावता येऊ नये अशी ही माणसं.

झालं होतं ते असं. नर्सबाईची, म्हणजे रागिणी ढोरे हिची, बदली झाली होती. तीही जिल्ह्याबाहेर, अकोला जिल्ह्यात, बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर. ही बातमी गावाला परवा आरोग्य केंद्राच्या ड्रायव्हरकडून समजली आणि गाव पेटलं. कारण मागं एकदा असंच घडलं होतं. एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याला "रांगेत उभे राहा" म्हटल्याबद्दल तिला पार डोंगरातल्या गावी फेकलं होतं. तेव्हा कोहळखेडनं ट्रॅक्टर भरून अमरावती गाठली, जिल्हा परिषदेच्या पायऱ्यांवर भाकऱ्या सोडल्या, आणि बदली रद्द करूनच माणसं माघारी आली. नर्सबाईला लुगडं-चोळी केली. त्या दिवशी ती ढसाढसा रडली, आणि खरोखर आनंदानं रडली. त्यामुळं या खेपेला गावानं फार डोकं चालवलं नाही. पुन्हा कोणीतरी डाव साधला, पुन्हा हाणून पाडायचा.

फक्त या खेपेला डाव साधणारी बाई टाळ्याच्या आत चहाचा कप घेऊन उभी होती. बदली तिनं स्वतः मागितली होती. एकदा नाही, वर्षानुवर्षं मागितली होती. अमरावतीला चकरा मारल्या होत्या, आणि गावात कोणी विचारलं तर "मीटिंग हाय" म्हणून वेळ मारून नेली होती. आज महिन्याची अखेर. आज संध्याकाळच्या आत तालुक्याच्या साहेबांनी तिला इथून मोकळं केलं नाही, तर आदेश रद्द, आणि मग निवृत्तीपर्यंत पुन्हा नंबर लागायचं नाव नको. मागच्या खोलीत पडद्याआड तिची ट्रंक भरून तयार होती.

"चहा थंडा होऊन राह्यला, बाई," नत्थुजी मायेनं म्हणाले.

तिनं चहा पिऊन टाकला. मीच मागितली, एवढे दोन शब्द सांगायचे होते. ते घशाशी आले आणि शेवटच्या घोटाबरोबर खाली गेले.

रागिणी मूळची अंजनगाव सुर्जीकडची. नर्सिंगचं शिक्षण संपवून ती कोहळखेडला आली तेव्हा एसटी नांदगाव खंडेश्वरहून निघून फाट्यापर्यंतच यायची. तिथून पुढं काळ्या मातीतून पायी. पावसाळ्यात चप्पल हातात घ्यायची, आणि चिखलाचे थर चढून पाय बैलाच्या खुरांसारखे जड व्हायचे. उपकेंद्र होतं, पण फक्त सरकारी नकाशावर. नत्थुजींच्या वडिलांनी गोठ्याजवळची कडब्याची खोली रिकामी करून दिली, आणि म्हशींच्या शेजारी आरोग्य खातं सुरू झालं. नर्स म्हणजे काय, हे गावाला धड ठाऊक नव्हतं. ही सुई टोचते आणि नसबंदीच्या ऑपरेशनला नेते एवढीच तिची कीर्ती. ती गल्लीत शिरली की बाया पोरांना पदराखाली घ्यायच्या.

बाळंतपणं तेव्हा मैनाबाई करायची. सासूकडून हे काम तिच्याकडं आलं होतं, आणि दोन पिढ्या तिच्या हातावर जगात आल्या होत्या. ही पोरगी आपल्या पोटावर पाय द्यायला आली, असं वाटून मैनाबाई पहिले कितीतरी महिने तिच्याशी बोललीच नाही. पुढं एका बाईचं मूल पोटात आडवं आलं. दोघींनी मिळून तिला बैलगाडीत घातलं आणि भर पावसात नांदगावला नेलं. एकीनं छत्री धरली, दुसरीनं बाईचं डोकं मांडीवर धरलं. बाई वाचली, मूलही वाचलं. येताना मैनाबाईनं कनवटीची तंबाखू पुढं केली. रागिणी काही तंबाखू खात नव्हती, पण तिनं घेतली, खाल्ली, आणि वाटेभर उलट्या केल्या. तेव्हापासून दोघींचं जमलं.

मग सरकारनं मैनाबाईला शिकवणीला बोलावलं, साबण, दोरा, नवं कोरं पातं भरलेली पेटी दिली. मग उपकेंद्र बांधलं, मागं नर्सबाईला खोली काढली. सायकल आली, सायकल मोडली तोवर रस्ता आला, रस्त्यावरून गरोदर बायांना न्यायची गाडी आली. आता बाळंतपणं तालुक्याला होतात, आणि फार घाई झाली तरच इथं. नर्सबाईच्या हाती आता माणसाची नाडी कमी आणि सरकारचा टॅब जास्त. त्यात माहिती भरायची, आणि नेट मिळावं म्हणून शाळेच्या गच्चीवर चढायचं. पन्नाशी ओलांडलेली बाई गच्चीवर हात वर करून उभी दिसली की समजावं, कोहळखेडचं आरोग्य अमरावतीला पोचतंय.

तरी गावाला ती हवी होती. तान्ह्याला ताप आला, म्हाताऱ्याला चक्कर आली, सुनेनं जेवण टाकलं, नवऱ्यानं हात उचलला, सगळ्याला औषध एकच: नर्सबाईकडं जा. लग्न ठरवताना गावची माणसं पाहुण्यांना सांगत, "पोरीचं पह्यलं बायंतपन आमच्याकडं. आमच्या गावात नर्सबाई राह्यते." राहते, या शब्दावर जोर. आजूबाजूच्या गावांच्या नर्सा सकाळच्या एसटीनं येऊन दुपारच्या एसटीनं जातात. ही राहते. नर्सनं नेमणुकीच्या गावीच राहावं हा सरकारचा नियम, आणि तो पाळणारी पंचक्रोशीत ही एकटी. सरकार तिला हुकमानं बांधून ठेवी, गाव मायेनं. हुकूम एखाद्या वेळी चुकवता येतो. मायेला काय करावं?

एसटीच्या थांब्यावर हातात पिशवी घेऊन ती उभी दिसली की पहिला भेटणारा विचारी, "बाई, वापस कवा?" कुठं चाललात, असं कोणी विचारत नसे. जाणं महत्त्वाचं नव्हतंच. पानटपरीवाला विचारी, कंडक्टर विचारी, कडेला शेण गोळा करणारी बाई उठून विचारी, "वापस कवा जी?" आणि ती म्हणे, "उद्या संध्याकाळी. येतो." आमच्या वऱ्हाडात बायाही येतो-जातोच म्हणतात. आणि निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, 'येतो' म्हणायचं असतं, हे तर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जातो म्हणतो तो मसणात. म्हणून उंबऱ्यावर कोणाच्या तोंडून चुकून तो शब्द निघालाच, तर चार जण एकदम अंगावर येतात.

अकोल्याला तिचं घर होतं. घर म्हणजे नवऱ्याचं घर. पुंडलिकराव एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. कापसाच्या गाड्या मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलं. नोकरी सोडून बायकोमागं कोहळखेडला येणं त्यांना जमलं नाही, आणि नोकरी सोडून नवऱ्याकडं जाणं तिला. त्या काळी दोघांनी ठरवलं, दोन-तीन वर्षं काढू, मग बदली करून घेऊ. त्या दोन-तीन वर्षांत केस पांढरे झाले. मुलगी प्रणाली आजीजवळ वाढली आणि आजीलाच आई म्हणायला शिकली. गावातली शेकडो पोरं जिनं पहिल्यांदा हातात धरली, तिची स्वतःची पोर तिला "शनिवारची आई" म्हणायची. ती हसण्यावारी न्यायची. पण ते तिच्या काळजात रुतून बसलं होतं, आणि अजूनही बसलेलं आहे.

गंमत म्हणजे अकोल्याच्या घरातही तिला तोच प्रश्न भेटायचा. शनिवारी ती दारात पाऊल टाकी, पुंडलिकराव तिच्या हातातली पिशवी घेत, दाराशेजारच्या खिळ्याला अडकवत आणि विचारत, "वापस कवा?" म्हणजे कोहळखेडला परत कधी जाणार. त्यात राग नसायचा. त्या हिशेबानं भाजी आणायची असायची. पिशवी कधी आतल्या खोलीत गेलीच नाही. एका गावाला वाटे, ही आपली, घडीभर बाहेर गेलीय. घराला वाटे, ही पाहुणी, घडीभर आलीय. मध्ये एसटीच्या खिडकीला डोकं टेकून बसलेली बाई नेमकी कोणाची, हे तिलाही सांगता आलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात पुंडलिकरावांना लकवा मारला. ते न्हाणीत पडले तेव्हा रागिणी कोहळखेडच्या अंगणवाडीत पोरांना डोस पाजत होती. शेजारच्या दुर्गाबाईनं फोन केला. ती पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. उजवी बाजू गेली, आणि वाचाही गेली. हळूहळू चार शब्द माघारी आले. चहा. प्रणाली. नाई. आणि रजा संपल्यावर पहिल्या शनिवारी ती पिशवी घेऊन दारात आली, त्या दिवशी चौथा आला, चांगला स्पष्ट: "वापस कवा?"

त्या खेपेला तिला कोहळखेडची एसटी विषासारखी वाटली. प्रणाली हैदराबादला नोकरीत अडकलेली. दुर्गाबाई दोन वेळचा डबा देते, आंघोळीला एक माणूस येतो. साऱ्या गावाची दुखणी काढणाऱ्या बाईच्या नवऱ्याच्या तोंडचा घास परकी माणसं पुसतात, ही शरम तिला रोज खात होती. गावाला तिनं 'तब्येत जराशी नरम हाय' एवढंच सांगितलं होतं. म्हणून या खेपेला तिनं अमरावतीच्या साहेबांच्या टेबलापुढं पदर पसरला, आणि बदली मिळाली.

आता ऊन चढलं होतं. उपकेंद्राच्या अंगणात कडुनिंबाखाली सतरंज्या पडल्या होत्या. भोंग्यावर कोणीतरी घोषणा देत होतं, "नर्सबाईची बदली, रद्द करा!" खिडकीच्या गजांतून आलूपोहे आत आले, मग शेवयांची खीर आली, मग कोणीतरी हातपंखा दिला. गजांपाशी बाया पाळीपाळीनं येऊन उभ्या राहत होत्या आणि जी ती काही ना काही आठवण काढत होती. माझा पोरगा निळा पडला होता तवा तुमी... माही सासू मले दवाखान्यात जाऊ देत नव्हती तवा तुमी... प्रत्येक आठवण म्हणजे साखळीची आणखी एक कडी. रागिणी गजाला धरून ऐकत होती आणि हूं हूं करत होती.

नत्थुजींची नात अपेक्षा पोट सावरत खिडकीशी आली. पहिलटकरीण, माहेरी आलेली, दिवस अगदी भरत आलेले. तिलाही रागिणीनंच नाळ कापून वेगळं केलं होतं.

"बाई, माह्यं होऊ द्या. मंग कुठंबी जा."

"अवो, तुले तं गाडीनं नांदगावले नेतीन. तिथं डॉक्टर हाय, मशीन हाय. मी काय करतो?"

"तुमी काई करू नका. निस्त्या सोबत या. गाडीत हात धरा." तिचे डोळे भरले. "मले लय भेव लागून राह्यलं."

रागिणीनं गजांतून हात बाहेर काढून तिच्या डोक्यावरून फिरवला. तोच हात अकोल्यात कोणालातरी हवा होता. हात एकच असतो, हे दुःख कोणाला सांगायचं? अपेक्षा डोळे पुसून गेली, पण निम्मी निश्चिंत होऊन गेली, आणि तेच वाईट होतं.

दुपारी तालुक्याच्या साहेबांचा फोन आला. साहेब तरुण, नवीन, आणि घाबरलेले. "मॅडम, वरून फोन आलाय. गावाचा विरोध असेल तर ताणू नका म्हणाले. मी येतो आणि बदली रद्द झाल्याचं सांगून टाकतो. तुमचंही गावावर प्रेम आहेच की!"

"साहेब, मी—" एवढं ती म्हणाली तोवर भोंग्यावरची घोषणा फोनमध्ये शिरली, आणि साहेब म्हणाले, "हो हो, ऐकू येतंय, किती प्रेम करतात बघा," आणि फोन ठेवला.

ती मागच्या खोलीत ट्रंकेवर जाऊन बसली. तिला स्वतःचा संताप आला. तीस वर्षं बायांना सांगत आली, नवऱ्याला नाही म्हणायला शिक, सासूला नाही म्हणायला शिक. आणि ही बोलकी बाई आज मूग गिळून बसली होती. भीती कसली होती? ती गावाच्या रागाला भीत नव्हती. उद्या आपल्याला कोणी 'आमच्या बाई' म्हणणार नाही, याला भीत होती. तेवढं एक नाव तिनं कमावलं होतं.

मागच्या खिडकीवर काठीची टकटक झाली. मैनाबाई होती. वाकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, भिंतीला हात लावत लावत एकटीच मागनं आलेली.

"बोचकं बांधलं का वो?" तिनं हळूच विचारलं.

रागिणी दचकली. "कोनतं बोचकं, मैनाबाई?"

"मले दिसत नाई म्हनून मले समजत बी नाई का? काल तुमी बायायले रक्तवाढीच्या गोया वाटल्या. एकेकीले दोन दोन मह्यन्याच्या. माह्या नातसुनेनं सांगतलं. उद्या जो इथंच राह्यनार हाय, तो कावून देईन इतक्या?"

रागिणीनं गजावर कपाळ टेकलं. "नवऱ्याले लकवा झाला, मैनाबाई. मीच मांगतली बदली. पण या लोकायले कसं सांगू? तोंड उघडत नाई माह्यं."

मैनाबाई भिंतीला टेकून खाली बसली, त्यामुळं आतून तिचं पांढरं डोकं तेवढं दिसत होतं. "माही माय मेली तवा," ती सावकाश म्हणाली, "सांगावा आला होता. बैलगाडी जुपून उभी होती. पाटलाची सून अडली होती. पाटील म्हने, मैना, तू गेली तं हे मरीन. साऱ्या गावानं हात जोडले. हे आता तुमाले जोडून राह्यले ना, तसेच. मी थांबली. सुनीचं झालं चांगलं. मायचं तोंड मले पाह्यले भेटलं नाई."

"तुमी मले कधी बोलल्या नाई."

"कावून बोलू? मले अभिमान होता नं बाई. माह्याबिगर गाव मरीन असं वाटे मले." ती थोडं हसली. "मंग तुमी आल्या. दोन-तीन पावसाळ्यात लोक माह्या दारावर यायचं इसरले. गाव मेलं का? कोनी मेलं नाई. चांगलं झालं. आता कोनी मले बोलवत बी नाई, अन् माय बी गेली." काठी टेकत ती उठली. "हे लोक वाईट नाईत. पण तुमी गेल्या तं हे मरत नाईत. हे आयकून वाईट वाटते ना? मले बी वाटलं होतं."

ती भिंत चाचपत निघून गेली. रागिणी उभ्या उभ्या रडली. मैनाबाईसाठी रडली की स्वतःसाठी, हे तिलाही कळलं नाही. गाव आपल्यावाचून अडत नाही, ही सुटकेची गोष्ट होती. ती एवढी का झोंबावी?

ऊन कलताना साहेबांची गाडी आली. साहेब उतरले, टोपी-गमछ्यांच्या गर्दीतून वाट काढत व्हरांड्यापाशी आले, आणि नत्थुजींनी भोंगा त्यांच्या हातात दिला. "गावकऱ्यांच्या भावना लक्षात घेऊन," साहेबांनी सुरुवात केली, तशा टाळ्या सुरू झाल्या.

"साहेब, थांबा," जाळीच्या आतून रागिणी म्हणाली. टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही. तिनं रिकामी खिरीची वाटी जाळीवर जोरात आपटली. मग सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"बदली मी मांगतली होती. कोनी डाव केला नाई. मीच मांगतली."

नत्थुजी भोंग्याकडं वळून म्हणाले, "पाह्यलं का साहेब? बाईवर दबाव हाय. त्याईच्याकडून बोलवून घेऊन राह्यले!" आणि गर्दी पुन्हा गरजली. घ्या! खरं बोलावं तर तेही कोणी खरं मानायला तयार नाही. या गावाला आपल्या प्रेमावर एवढा विश्वास होता की नर्सबाईच्या शब्दावर उरला नव्हता.

रागिणी मागं गेली. पडदा सारून तिनं ट्रंक ओढली. फरशीवरून घासत, खरखरत ती ट्रंक पुढच्या खोलीतून जाळीच्या दारापर्यंत आली. दोरीनं बांधलेली. वर घडी घातलेलं, गावानंच दिलेलं लुगडं. घोषणा देणाऱ्यांचे आवाज एकेक करून बंद झाले.

"नत्थुजी, माह्या घरी माणूस पडून हाय. त्याले लकवा झाला. त्याच्या तोंडात घास घालाले मी नाई. तीस वर्सं झाली, मी त्याच्या घरी पाहुणी हाय." तिनं ट्रंक दाराला टेकवली. "टाळं काढा. मी जातो."

"येतो म्हना, बाई," गर्दीतून एक म्हातारी सवयीनं म्हणाली. "जातो नाई म्हनत."

आणखी दोघी-तिघी म्हणाल्या, "येतो म्हना, येतो म्हना."

रागिणीनं त्यांच्याकडं पाहिलं. सगळ्यांची बाळंतपणं तिला आठवत होती. "नाई," ती म्हणाली. "जातो."

तेव्हा कुठं गावाला खरं वाटलं.

नत्थुजींनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली. किल्ली कुलपात लवकर बसेना. साखळी सुटल्यावर ते खाली मान घालून म्हणाले, "आमाले आधी सांगतलं असतं तं..."

"तं सोडलं असतं?"

नत्थुजींनी विचार केला. "नाई," ते खरं बोलले. मग ट्रंकेची एक कडी त्यांनी स्वतः धरली.

साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर सही केली. सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. शिव्या कोणी दिल्या नाहीत, पण जवळही कोणी आलं नाही. अपेक्षा आपल्या घराच्या दारात उभी होती. रागिणीनं हात केला, तशी ती आत गेली. थांब्यावर पानटपरीवाला पानं पुसत राहिला. एसटी आली, कंडक्टरनं ट्रंक वर घेतली आणि तिकीट फाडलं. वापस कवा, असं कोणी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं नाही, आणि गाडी फाटा ओलांडेपर्यंत ती कान देऊन बसली होती.

अकोल्याला पोचली तेव्हा चांगला अंधार पडला होता. पुंडलिकराव खाटेवर टेकून बसले होते. डाव्या हातानं त्यांनी तिची पिशवी घेतली, सवयीनं दाराशेजारच्या खिळ्याकडं हात नेला आणि विचारलं, "वापस कवा?"

"आता नाई जात," ती म्हणाली. "आता इथूनच जाणं-येणं."

ते त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. चहा पिताना त्यांनी पुन्हा विचारलं. जेवताना विचारलं. ती दर वेळी तेच सांगत राहिली, आणि ते ट्रंकेकडं बघत राहिले.

सकाळी ती दुधाला निघाली. अंगात अजून कोहळखेड होतं, त्यामुळं कोणीतरी हाक मारील म्हणून पाय उगाच रेंगाळत होते. फाटकाशी पोचली आणि तोंडून आपोआप निघालं, "येतो."

खाटेवरून आवाज आला, "वापस कवा?"

ती फाटक धरून उभी राहिली. या घरात हा प्रश्न तिनं तीस वर्षं ऐकला होता, पण तो नेहमी ती आत येताना विचारला जायचा. बाहेर पडताना आज पहिल्यांदा विचारला होता. ती मागं वळली. पुंडलिकराव चांगला हात खाटेच्या काठावर रोवून, मान लांब करून तिच्याकडं बघत होते, आणि उत्तराची वाट बघत होते.

"हे आलोच," ती म्हणाली, आणि दुधाची बरणी छातीशी धरून तिथंच रडायला लागली.